कागदावरचं वय

यांचा खरा जन्म नारळी पौर्णिमेचा. सासूबाई सांगायच्या, बाहेर पावसाची झड लागली होती, चुलीवर नारळीभात होता आणि सुईण ओढा ओलांडून भिजत आली होती. पुढे शाळेत नाव घालायला गेले तेव्हा गुरुजींनी तारीख विचारली. सासऱ्यांना पौर्णिमा ठाऊक होती, तारीख नव्हती. गुरुजींनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे १ जून लिहून टाकली. यांच्या वर्गातली निम्मी पोरं १ जूनचीच आहेत.

त्या एका ओळीमुळे हे ३१ मे २०२६ ला निवृत्त होणार. कागदावर ५८ पूर्ण. खऱ्या वयाने दोन महिने आणि वर काही दिवस आधी. भोसरीच्या ज्या कारखान्यात यांनी तीस वर्षं काढली तिथे दरवर्षी ३१ मेला अशीच रांग लागते. यंदा नऊ जण आहेत. नऊ हार, नऊ शाली, नऊ नारळ. सगळे वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या गावी जन्मले आणि सगळ्यांना एकाच दिवशी म्हातारपण मिळालं.

फेब्रुवारीत कंपनीने एक कागद हातात दिला. निवृत्तीआधी काय काय करायचं त्याची यादी. पीएफचा अर्ज, पेन्शनचा अर्ज, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, लॉकरची किल्ली, गेटपास. आणि शेवटून दुसरी ओळ: ग्रुप मेडिक्लेम, सेवेच्या अखेरच्या दिवसापर्यंत.

यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी पोळ्या करत होते. म्हणाले, "म्हणजे १ जूनला मला काही झालं तर?" मी तवा उतरवला. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवडाभर आम्ही दोघांनीही तो विषय परत काढला नाही.

*

ते मेडिक्लेमचं कार्ड म्हणजे काय, हे मला फेब्रुवारी २०२३ मध्ये कळलं. त्याआधी ते कपाटातल्या फाइलमध्ये पडलेलं एक प्लास्टिक होतं. सेकंड शिफ्ट करून हे घरी आले, जेवले नाहीत, म्हणाले ॲसिडिटी झालीय. जेलुसिल घेतलं. पहाटे तीनला उठून बसले, अंगावरचा बनियन घामाने चिंब. शेजारच्यांच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. ईसीजी काढला, पुढच्या तपासणीत ब्लॉक निघाला. डॉक्टर म्हणाले, अँजिओप्लास्टी आत्ता करायला हवी, स्टेंट टाकावा लागेल. मी सह्या करत होते आणि डोक्यात एकच, घरात रोख किती आहे. अकरा हजार होते. भिशीचे.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मेडिक्लेम आहे का?" मी पर्समधून ते कार्ड काढून दिलं. तिने नंबर टाकला, कुठेतरी मेल गेला, टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेचा, माणूस खाली येऊन भेटला. दुपारपर्यंत मंजुरी आली. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा एकूण बिल २ लाख ३८ हजारांचं होतं आणि आम्ही भरले साधारण साडेनऊ हजार. हातमोजे, सिरिंज, फाइलचे पैसे, असलं विम्यात न बसणारं. घरी आल्यावर मी ते कार्ड देवघरातल्या डबीत ठेवलं. हे हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर जागी ठेवलंस."

त्या कार्डावर माझं नाव आहे, यांच्या नावाखाली, लहान अक्षरात. नात्याच्या रकान्यात पत्नी. मी घरी शिवणकाम करते, शाळांचे गणवेश, ब्लाउज, फॉल-पिको. माझी कुठे नोकरी नाही, म्हणून माझं आजारपणही यांच्या नोकरीला टाचलेलं. यांची नोकरी संपली की माझंही कवच संपणार. मी तर अजून रोज मशीनवर बसते. माझं काम ३१ मेला संपणार नाही.

*

एकेकाळी आमच्याकडे दुसरं कार्ड होतं. लग्न झालं तेव्हा हे ईएसआयमध्ये होते. कर्मचारी राज्य विमा योजना, १९४८ च्या कायद्याने आलेली. पगारातून थोडे पैसे कापले जायचे, थोडे मालक भरायचा आणि दवाखाना, औषधं, बाळंतपण सगळं त्यातच. आमचा मुलगा ईएसआयच्या हॉस्पिटलातच झाला. रांग मोठी असायची, आयाबाया मोठ्याने ओरडायच्या, पण पैशासाठी कुणी थांबवलं नाही. मुलाला पहिला ताप आला तेव्हाही तिथलीच गुलाबी गोळी होती.

मग यांचा पगार वाढला. तेव्हा ईएसआयची मर्यादा साडेसहा हजारांची होती, ती ओलांडली आणि आम्ही योजनेतून बाहेर पडलो. मला आठवतं, आम्ही पेढे वाटले होते. सुटलो त्या रांगेतून, असं वाटलं होतं. आता मर्यादा २१ हजारांची आहे, २०१७ पासून. मागच्या महिन्यात चौकशी करताना मला कळलं की जो कामगार निवृत्तीच्या वेळी ईएसआयमध्ये असतो आणि ज्याची किमान पाच वर्षांची नोकरी त्यात झालेली असते, त्याला आणि त्याच्या बायकोला पुढेही उपचार मिळत राहतात. महिन्याला दहा रुपये भरायचे. वर्षाचे १२०. मी तो आकडा दोनदा वाचला. गल्लीच्या टोकाला राहणारे एक काका त्यावर आहेत. त्यांचा पगार शेवटपर्यंत कमीच राहिला, आयुष्यभर ते यांच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली राहिले, आणि आज त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, आम्ही मात्र दारोदार विचारत फिरतोय. पगारवाढीचे पेढे वाटणाऱ्या त्या मुलीला, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या मला, कुणी हे सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. तिशीत कोण म्हातारपणाच्या दवाखान्याचा विचार करतं?

मेडिक्लेम हा शब्द आपल्याकडे आता प्रत्येक आरोग्य विम्याला वापरतात, पण मुळात ते एका पॉलिसीचं नाव. १९८६ मध्ये सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ती आणली. आमच्यासारख्या घरांत तो शब्द आला तो कारखान्यांतून. कंपनी एकगठ्ठा सगळ्यांचा विमा काढायची, कुणाची वैद्यकीय तपासणी नाही, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. चाळीस वर्षांच्या माणसाला वाटायचं, हे आपलंच आहे. आम्हालाही वाटलं. वेगळी पॉलिसी काढायचा विषय २०१० च्या सुमारास एकदा निघाला होता. तेव्हा यांना साखर नव्हती, हृदय ठणठणीत होतं, हप्ता आजच्या पाव होता. फ्लॅटचं कर्ज चालू होतं, मुलाची शाळा होती. कंपनीचं आहे की, म्हणून राहिलं. त्यात आळस नव्हता. पैसे मोजून मोजून जगणारं घर दोनदा एकाच गोष्टीचे पैसे भरत नाही, एवढंच.

पण त्याचा अर्थ आता डोळ्यांपुढे उभा राहतो. जी वर्षं यांना फारसं काही होणार नव्हतं, ज्या वर्षांत विमा स्वस्त होता, ती सगळी वर्षं कंपनीच्या पॉलिसीत गेली. आणि ज्या वर्षांसाठी माणूस विमा काढतो ती वर्षं सुरू होताना कवच काढून घेतलं जातं. मला यात कुणा एकाला दोष द्यायचा नाही. कंपनीने जे दिलं ते नियमाने दिलं आणि अडीच लाखांचं बिल त्यानेच भागलं. मला दुखतं ते रचनेचं. आजारपण नोकरी बघून येत नाही, मग त्याचं संरक्षण नोकरीलाच का बांधलेलं असावं?

*

कोणत्या वयाला माणूस म्हातारा होतो, याचं प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर आहे. कंपनीच्या लेखी ५८. ईपीएसच्या, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शनच्या लेखीही ५८. विमा नियामकाच्या, म्हणजे इर्डाच्या लेखी ज्येष्ठ नागरिक ६० ला होतो. जानेवारी २०२५ मध्ये इर्डाने सांगितलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर विमा कंपनीने आधी आमच्याशी बोलायचं. चांगलंच आहे ते. पण आम्ही अजून दोन वर्षं त्या ओळीच्या अलीकडे. एसटीचं अर्धं तिकीट ६५ ला आणि फुकट प्रवास ७५ ला. आयुष्मान भारतचं ज्येष्ठांसाठीचं कार्ड, जे ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता सगळ्यांना मिळतं, ५ लाखांपर्यंतचे उपचार देतं, ते ७० ला.

५८ ते ७०. बारा वर्षं. बारा वर्षांत मूल पहिलीतून बारावीत जातं.

या पट्ट्यातली माणसं मला आता सगळीकडे दिसायला लागली आहेत. भाजी मंडईत, बागेत, ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यापासून थोडं दूर बसलेली, कारण अजून त्यांना तिथे बसायचं वय झालेलं नाही असं वाटतं. यांचा एक मित्र ५४ व्या वर्षी व्हीआरएस घेऊन बाहेर पडला. पैसे एकरकमी मिळाले, मुलीचं लग्न झालं. दीड वर्षाने त्याच्या पायाला जखम झाली, साखर होती, ती भरून येईना. वायसीएममध्ये, म्हणजे पिंपरीच्या महापालिकेच्या हॉस्पिटलात, त्याच्यावर उपचार झाले. डॉक्टरांनी मनापासून केलं, पाय वाचला. पण तो जखम झाल्यावर तीन आठवडे घरीच हळद लावत बसला होता, खर्चाच्या धास्तीने. विमा नसलेला माणूस डॉक्टरकडे उशिरा जातो. खर्चाच्या आधी हे नुकसान होतं, आणि ते कुठल्याच बिलावर दिसत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे ना, असं मला अनेकांनी सांगितलं. आहे, आणि ती मोठी गोष्ट आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झाली, पुढे सगळ्या राज्यात आली, नाव बदललं. आणि २०२३ मध्ये राज्याने ठरवलं की पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड असो, ५ लाखांपर्यंतचं संरक्षण सगळ्यांना. आमच्याच इमारतीतल्या एका वहिनींच्या सासऱ्यांची बायपास त्या योजनेत झाली. एक रुपया लागला नाही. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण चांगलं झालेलं कुणी लिहीत नाही.

पण हॉस्पिटलच्या त्या पॅसेजमध्ये मी त्यांच्यासोबत दोन दिवस बसले होते. तिथला प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलत होता: "योजनेत बसतं का?" आजार यादीत आहे का, हॉस्पिटल यादीत आहे का, रेशनकार्डावर नाव आहे का, आधारशी जुळतं का. पहाटे तीनला घामाने भिजलेल्या माणसाला घेऊन निघताना कुठलं हॉस्पिटल यादीत आहे हे शोधत बसायचं का? म्हणून मी आता ते शोधून ठेवलंय. आमच्या घरापासून सगळ्यात जवळचं योजनेतलं हॉस्पिटल कोणतं, आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, कुठल्या मजल्यावर बसतो, सगळं. फ्रिजवर चिकटवलंय. रेशनकार्डावर यांच्या नावातली वेलांटी चुकली होती, तीही दुरुस्त करून घेतली, चार फेऱ्या मारून.

*

पैशाचं सांगते, कारण त्याशिवाय हे सगळं हवेत राहील.

यांची ईपीएसची पेन्शन बसणार महिन्याला ४,४८० रुपये. तीस वर्षांची नोकरी. लोकांना हा आकडा सांगितला की खोटं वाटतं. पगार कितीही असला तरी या पेन्शनचा हिशोब सहसा १५ हजारांच्या मर्यादेवर होतो आणि सप्टेंबर २०१४ आधीच्या वर्षांचा साडेसहा हजारांवर. त्याला वर्षांनी गुणायचं, सत्तरने भागायचं. हे स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन बसले, तीनदा केलं, तेवढंच आलं.

आम्हा दोघांसाठी १० लाखांच्या फॅमिली फ्लोटरचा, म्हणजे दोघांत मिळून एकाच पॉलिसीचा हप्ता, यांची साखर आणि स्टेंट सांगितल्यावर, एका ठिकाणी निघाला वर्षाला ५६ हजार २०० रुपये. पेन्शन वर्षाची किती? ५३ हजार ७६०. म्हणजे वर्षभराची पेन्शन विम्यात घालून वर अडीच हजार भरायचे. पीएफचे पैसे आहेत, फ्लॅट फिटलाय, माझं मशीन चालू आहे, त्यामुळे आम्ही हे भरू शकू. गेल्या सप्टेंबरपर्यंत यावर १८ टक्के जीएसटी होता, म्हणजे आणखी दहा हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा तो कर काढला, त्या दिवशी वर्तमानपत्रात फ्रिज-टीव्ही स्वस्त झाल्याचे रकाने होते. माझं बोट खालच्या बारीक ओळीवर होतं.

कंपनीतल्या कंत्राटी कामगारांना मात्र कंपनीचा ग्रुप मेडिक्लेमही नाही. यांच्याच लाइनवर यांच्याच शेजारी उभे राहून तेच जॉब तपासणारी पोरं आहेत. त्यांच्या म्हातारपणाचं काय होईल, याचा विचार मी सुरू करते आणि पुरा करू शकत नाही.

*

यांचं काम क्वालिटीचं. आयटीआय झाल्यापासून हातात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. जॉब मोजायचा, ड्रॉइंगशी ताडायचा, रीडिंग लिहायचं आणि खाली सही करायची. एका शतांश मिलिमीटरसाठी यांनी आख्खी लॉट परत पाठवलेली आहे, सुपरवायझर गयावया करत असतानाही. हे सांगायचं कारण विम्याचा फॉर्म.

मार्चमध्ये ओळखीच्या ओळखीतून एक एजंट घरी आले. भला माणूस, मी त्यांना वाईट म्हणणार नाही, त्यांचंही पोट आहे. चहा झाला. फॉर्म काढला. नाव, पत्ता, जन्मतारीख १ जून. मग आजारांचं पान. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, हृदयाचा काही उपचार झाला आहे का. एजंटांनी पेन बाजूला ठेवला आणि आवाज खाली करून माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, स्टेंटचं लिहू नका. साखर लिहू, थोडी लोडिंग, म्हणजे जादा हप्ता, लागेल. स्टेंट लिहिला तर फॉर्म परत येईल. आता पाच वर्षांचा नियम झालाय, तेवढी काढली की कुणी काही विचारत नाही."

हा पाच वर्षांचा नियम खरा आहे. पूर्वी आठ होती, १ एप्रिल २०२४ पासून सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली की आधी काही सांगितलं नाही म्हणून कंपनी दावा नाकारू शकत नाही. पण फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. त्याच नियमांनी जुन्या आजारांसाठीची वाट बघायची मुदत चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीनवर आणली, आणि अमुक वयानंतर पॉलिसीच नाही असं म्हणायची मुभा काढली. त्यामुळे ५८ च्या माणसाला दार बंद नाही. पण दार उघडणं आणि आत घेणं यात अंतर आहे. आत कुणाला घ्यायचं, किती पैशात, ते कंपनीच ठरवते.

मी काय विचार करत होते ते खरं सांगते. मी म्हणणार होते, नका लिहू. माझ्या डोळ्यांपुढे २०२३ ची ती पहाट होती आणि काउंटरवरची मुलगी होती. या वेळी माझ्या हातात कार्ड नसेल, या भीतीपुढे मला एका रकान्यातला खोटेपणा काहीच वाटत नव्हता.

यांनी एजंटांच्या हातून फॉर्म घेतला. खिशातलं पेन काढलं. आणि रिपोर्टवर रीडिंग लिहितात त्याच बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: फेब्रुवारी २०२३, अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. पुढे कुठल्या रक्तवाहिनीत तेही. खाली सही. म्हणाले, "आयुष्यभर खरं रीडिंग लिहिलं. शेवटच्या महिन्यात चुकीचं लिहून सही करायची?"

एजंट गेल्यावर मी यांच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. मग तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मला राग फॉर्मचा होता, यांचा नाही. खरं सांगणाऱ्याला भीती वाटावी, असा तो फॉर्म.

बारा दिवसांनी मेल आला. दोन ओळींचा. आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही.

*

मुलगा बंगळुरात आहे, सॉफ्टवेअरमध्ये. त्याला कळल्यावर तो त्याच रात्री फोनवर म्हणाला, "आई, काळजी कशाला करतेस? माझ्या कंपनीत पालकांचं कव्हर आहे. मी तुमची नावं टाकतो, विषय संपला." त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मी काही बोलले नाही. आपण आईबाबांसाठी काहीतरी करू शकतो याचा आनंद. टाकलीही त्याने नावं. वीस टक्के आपण भरायचे, बाकी विमा.

पण रात्री झोप लागेना. मुलाची नोकरी म्हणजे पुन्हा तेच, दुसऱ्याच्या गेटपासला टाचलेलं आपलं औषध. गेल्या दोन वर्षांत त्याच्या दोन मित्रांच्या नोकऱ्या एका सकाळच्या मेलने गेल्या. एकाच्या वडिलांची डायलिसिस चालू होती. त्या मुलाला नोकरी गेल्याचं दुःख करायलाही वेळ मिळाला नाही. आणि आणखी एक गोष्ट. मुलाला उद्या ती नोकरी आवडेनाशी झाली, त्याला काही वेगळं करावंसं वाटलं, तर तो आमच्याकडे बघून थांबेल. मला ते नको. आम्ही त्याच्या पायातली बेडी व्हायचं नाही, हे आम्ही दोघांनी न बोलताच ठरवलेलं आहे. म्हणून त्याने टाकलेली नावं राहू देत, पण आमचं स्वतःचं काहीतरी हवंच.

रविवारी सकाळी न्यू जर्सीहून ताईचा फोन असतो. माझी मोठी बहीण, ६२ ची. मला कायम वाटायचं, अमेरिकेत हे प्रश्न नसतील. २०२४ मध्ये भावोजींची नोकरी गेली तेव्हा कळलं की तिथेही विमा नोकरीलाच टाचलेला असतो. कोब्रा नावाची सोय आहे, नोकरी सुटल्यावर साधारण दीड वर्ष तोच विमा चालू ठेवता येतो, पण मालकाचा वाटाही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के. ती मुदत संपली. मग ओबामांच्या काळात, २०१० च्या कायद्याने आलेल्या बाजारातून विमा घेतला. तिथे साठीतल्या माणसाला तरुणापेक्षा तिप्पट हप्ता लावता येतो. २०२१ पासून सरकारची वाढीव मदत होती, तिच्या जोरावर मध्यमवर्गाला तो झेपायचा. ती मदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. त्यासाठी तिथलं सरकार ४३ दिवस बंद पडलं होतं, तरी संपली. आता एक रेषा आहे, दोघांच्या घराला वर्षाला ८४,६०० डॉलर उत्पन्नाची. त्याच्यावर एक डॉलर गेला की तिथल्या केंद्र सरकारची मदत शून्य.

ताई म्हणाली, "आम्ही ६५ ची वाट बघतोय गं. मेडिकेअर मिळेपर्यंत आजारी पडायचं नाही, असं ठरवलंय." मेडिकेअर म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी विमा. ताईचा गुडघा दुखतो, एमआरआय पुढे ढकललाय. भावोजी पार्टटाइम काम घेतात आणि डिसेंबर जवळ आला की कमी करतात, रेषा ओलांडू नये म्हणून.

ती ६५ मोजते, मी ७०. लहानपणी साताऱ्याच्या घरी आम्ही दोघी अंगणात सागरगोटे मोजायचो. फोन ठेवल्यावर मला ते आठवलं आणि मी खूप वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते.

*

माझ्या मनात एक साधी मागणी आहे. निवृत्त होणाऱ्या माणसाला त्याच गटात राहू द्या, हप्ता तो भरेल. हे काही अशक्य नाही. माझ्या चुलतभावाच्या बँकेत आहे. बँकांच्या निवृत्तांसाठी २०१५ पासून गट विमा आहे, सुरू झाला तेव्हा पैसे ते स्वतःच भरायचे. हप्ता वाढत जातो म्हणून तक्रारीही खूप आहेत, कारण गटात सगळेच म्हातारे. म्हणूनच तरुण कामगार आणि निवृत्त एका पॉलिसीत असायला हवेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेत दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली की आयुष्यभर सोय. हे असं का आमच्या भोसरी-चाकणच्या कामगाराला मिळू नये? त्याचं हृदय वेगळ्या धातूचं असतं का? यांनी युनियनच्या मीटिंगमध्ये हा विषय मांडला. मागच्या रांगेतले तिशीतले मुलगे फोनमध्ये बघत होते. यांना राग आला नाही. घरी येऊन म्हणाले, "त्यांच्या वयाला मीही ऐकलं नसतं. पण मिनिट्समध्ये लिहून घ्यायला लावलंय."

त्या मीटिंगमध्येच एकाने वाट सांगितली. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय नियमात आहे. मायग्रेशन म्हणतात. मागची वर्षं धरली जातात, म्हणजे जुन्या आजारासाठी पुन्हा पहिल्यापासून वाट बघायची नाही. मात्र जेवढं कव्हर ग्रुपमध्ये होतं तेवढ्यापुरतंच. आमचं ३ लाखांचं होतं. १० लाखांची घेतली तर हृदयासाठी ३ लाख पहिल्या दिवसापासून, वरचे ७ लाख तीन वर्षांनी. आत घ्यायचं की नाही हे इथेही कंपनी ठरवणार. अर्ज नोकरी सुटायच्या आत करायचा. त्या यादीच्या कागदावर ही ओळ नव्हती. नऊ जणांपैकी आठ जणांना ती माहीत नव्हती. आता आहे.

आम्ही अर्ज केलाय. या वेळी फॉर्म मी भरला. प्रस्तावक म्हणून माझं नाव लिहिलं, कारण हप्त्यातले वीस हजार माझ्या मशीनचे आहेत. स्टेंटचं पान आलं तेव्हा यांच्याकडे बघितलंही नाही, खरं तेच लिहिलं. वैद्यकीय तपासणी झाली. उपाशीपोटी रक्त, लघवी, ईसीजी, टू-डी इको. उत्तर अजून यायचंय. मंजूर झालं तर पॉलिसीची सुरुवात १ जून.

तोवर हे पॉलिसीच्या अटींचं पुस्तक वाचतायत. बेचाळीस पानं, मुलाने प्रिंट काढून पाठवली. संध्याकाळी शिफ्टवरून आले की डायनिंग टेबलावर दिवा ओढून घेतात, हातात लाल पेन्सिल, ड्रॉइंग तपासतात तसं. प्रत्येक ओळीवरून पट्टी सरकते. समजलं की बारीक टिक. खोलीच्या भाड्याच्या कलमापाशी परवा एक तास थांबले. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर डॉक्टरांची आणि ऑपरेशनची फीही त्याच प्रमाणात कापतात, हे उदाहरण घेऊन मला समजावून सांगितलं, समासात आकडे मांडले. काल पान एकोणीस. मला हाक मारली.

"हे बघ. वाजवी आणि प्रचलित खर्च. वाजवी म्हणजे किती, मर्यादा कुठे दिलेली नाही."

मी हातातलं शिवण ठेवून वाचलं. खरंच नव्हती दिलेली. यांनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला, पुढे प्रश्नचिन्ह केलं आणि पान उलटलं.